नोंदवहीतली सॅली

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. जर्नलमध्ये रीडिंग नसेल तर एक्स्पेरिमेंट झालाच नाही. तुम्ही तीन तास उभं राहून तो केला असेल, अख्ख्या बॅचने बघितला असेल, तरी सर सही करत नाहीत. सॅली हेमिंग्जबद्दल वाचताना मला सारखं हे जर्नल आठवत होतं. तिच्या आयुष्यात काय घडलं ते तिच्या मुलाने स्वतः सांगितलं होतं. पण त्यावर सही व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं.

थॉमस जेफरसन हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं लिहिणाऱ्या या माणसाकडे आयुष्यभरात मिळून सहाशेच्या वर गुलाम होते. व्हर्जिनियात माँटिचेलो नावाच्या टेकडीवर त्याचं घर होतं आणि तिथे तो सगळ्याची नोंद ठेवायचा. आज तापमान किती, मटार कधी पेरले, आणि गुलामांपैकी कोणाला किती कापड, कोणाला ब्लँकेट, कोणाचं मूल कधी जन्मलं. याच नोंदींमध्ये सॅलीचं नाव आहे.

सॅलीचा जन्म १७७३ च्या सुमाराचा. तिची आई एलिझाबेथ गुलाम होती आणि वडील म्हणजे आईचा मालक जॉन वेल्स. हा वेल्स जेफरसनचा सासरा! म्हणजे सॅली ही जेफरसनच्या बायकोची, मार्थाची, सावत्र बहीण. पण तिथला कायदा असा की आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोण हे बघायचंच नाही. वेल्स वारला आणि वारसाहक्काने जमिनीबरोबर तान्ही सॅलीपण जेफरसनच्या वाट्याला आली.

मार्था १७८२ मध्ये वारली. पुढे जेफरसन अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसला गेला आणि १७८७ मध्ये त्याने आपल्या धाकट्या मुलीला तिकडे बोलावून घेतलं. तिच्या सोबतीला पाठवली गेली चौदा वर्षांची सॅली. तिचा भाऊ जेम्स आधीपासून तिथे फ्रेंच स्वयंपाक शिकत होता. फ्रान्समध्ये ही भावंडं कोर्टात जाऊन स्वातंत्र्य मागू शकली असती. १७८९ मध्ये परत निघायची वेळ आली तेव्हा सॅली सोळा वर्षांची होती आणि जेफरसन शेहेचाळीसचा. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ साली ओहायोच्या एका वर्तमानपत्रात सगळं सांगितलं. आपली आई तेव्हा गरोदर होती, ती परत यायला तयार नव्हती, आणि मुलं एकवीस वर्षांची झाली की त्यांना मुक्त करीन असं वचन घेऊनच ती परतली, असं त्याचं म्हणणं.

या दोघांवर पुढे कादंबऱ्या आल्या, सिनेमा आला आणि काहींनी त्याची लव्हस्टोरी केली. मला ते पटत नाही. जिला कायद्याने नाही म्हणायचा हक्कच नव्हता, तिच्या होकाराचा अर्थ काय लावणार? पण सोळाव्या वर्षी, परक्या देशात तिने पुढच्या पिढीसाठी सौदा केला, ही हिंमत मात्र तिचीच.

परत आल्यावर सॅलीने शिवणकाम केलं, मालकाची खोली आणि कपडे सांभाळले. १७९५ ते १८०८ या काळात तिला मुलं झाली, त्यातली चार जगली: बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन. १८०२ मध्ये, जेफरसन राष्ट्राध्यक्ष असतानाच, रिचमंडच्या एका पेपरने हे प्रकरण छापलं. जेफरसनने जाहीर उत्तर कधीच दिलं नाही. त्याच्या नातवंडांनी पुढे बोट दाखवलं ते जेफरसनच्या भाच्यांकडे, कार बंधूंकडे. बहुतेक इतिहासकारांनीही दीडशे वर्षं तेच धरून ठेवलं. मॅडिसनचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. गुलाम बाईचा मुलगा, त्याच्या शब्दाला काय किंमत!

वचन मात्र पाळलं गेलं. थोरली दोघं १८२२ मध्ये माँटिचेलो सोडून गेली आणि गोऱ्या समाजात मिसळली. ४ जुलै १८२६ ला जेफरसन वारला, त्याच्या मृत्युपत्राने मॅडिसन आणि एस्टन मुक्त झाले. सॅलीचं नाव त्यात नव्हतं. जेफरसनच्या मुलीने तिला गाजावाजा न करता जाऊ दिलं. १८२७ मध्ये कर्ज फेडायला माँटिचेलोवरच्या बाकीच्या गुलामांचा लिलाव सुरू झाला. सॅली शार्लट्सव्हिलमध्ये मुलांजवळ राहिली. गंमत बघा, १८३० च्या जनगणनेत तिची नोंद गोरी अशी आहे, आणि १८३३ च्या दुसऱ्या यादीत मिश्र वंशाची. बाई तीच, लिहिणारा बदलला! १८३५ मध्ये ती गेली. तिचं चित्र नाही, तिच्या हातची एक ओळ नाही, कबर कुठे आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

आता १९९८ कडे येऊ. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो, आपल्याकडच्या आडनावासारखा. जेफरसनचा लग्नाचा एकही मुलगा मोठा होईपर्यंत जगला नव्हता. म्हणून डॉ. यूजीन फॉस्टर यांनी त्याच्या काकाच्या पुरुष वंशातल्या पाच जणांचे नमुने घेतले. शिवाय कार घराण्यातले तिघे आणि एस्टनच्या वंशातला एक. एस्टनच्या वंशजाचा वाय जेफरसन घराण्याशी जुळला, कार मंडळींशी नाही. वुडसन नावाचं एक कुटुंबही पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला जेफरसनचे वंशज समजत होतं. त्यांचा जुळला नाही. त्या घरात त्या दिवशी काय वाटलं असेल?

पण नुसता डीएनए एवढंच सांगतो की बाप जेफरसन घराण्यातला. तेव्हा व्हर्जिनियात त्या घराण्यातले वीसहून अधिक पुरुष होते. मग कामाला आल्या त्याच्याच नोंदी. मुलांच्या जन्मतारखांपासून नऊ महिने मागे गेलं की दर वेळी थॉमस जेफरसन माँटिचेलोवर हजर! एरवी तो महिनोन्‌महिने बाहेर असायचा. माँटिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेने २००० मध्ये सॅलीच्या मुलांचा बाप बहुधा तोच असं मान्य केलं आणि २०१८ पासून ती हे इतिहास म्हणूनच सांगते. काही अभ्यासक अजूनही मानत नाहीत.

मला सगळ्यात भावलेली गोष्ट शेवटची. मॅडिसनचा मुलगा विल्यम कॅन्ससमधल्या सैनिकांच्या दफनभूमीत पुरलेला आहे. त्याची कबर उघडून टेस्ट करू द्या, असं वंशजांना विचारलं गेलं. त्यांनी नाही म्हटलं. मॅडिसनने १८७३ मध्ये सांगितलं होतं, घरातल्यांनी ते मुलाबाळांना सांगितलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. सही जगाला हवी होती, त्यांना नव्हे. आणि सॅलीला नाही म्हणायचा जो हक्क कधी मिळाला नाही, तो तिच्या वंशजांनी बिनधास्त वापरला.