लग्नगड्यांची गोदूताई

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उधना मागे पडले की थोड्याच वेळात चलथाण येते. दिवाळी उलटली म्हणजे या परिसरातील उसाच्या शिवारांतून खोपटी उभी राहू लागतात. डांग, नवापूर, नंदुरबार या बाजूंनी तोडणीच्या टोळ्या उतरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा त्यांचा हिशेब. या जोडीने ऐन पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत तिचे हातपाय तिचे स्वतःचे नसतात. पुष्कळदा ही उचल आजारपणाची असते, पुष्कळदा लग्नाची. या दिवसांत आम्हांस गोदावरीबाई परुळेकर यांची आठवण होते. कारण लग्नाच्या कर्जातून माणूस गुलाम कसा होतो, हे या किनाऱ्यावर त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले, आणि ती बेडी तोडून दाखविणारे तर त्याहूनही थोडे. दि. ८ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन.

गुलामांची सुटका करणारी स्त्री म्हटली की जगाला हॅरिएट टबमन आठवते. अमेरिकेतील मेरीलँड प्रांतात ती दास्यात जन्मली, १८४९ साली एकटी फिलाडेल्फियास पळून गेली, आणि स्वतः मोकळी झाल्यावर स्वस्थ न बसता पुनःपुन्हा त्याच दास्यभूमीत शिरून सुमारे सत्तर जणांना तिने उत्तरेकडे नेले. तो पराक्रम असामान्य होय. महाराष्ट्रालाही त्या लढ्याचे अप्रूप वाटले होते. जोतीरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांनाच अर्पण केली. परंतु एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. हॅरिएटच्या माणसांना पळून जायला एक उत्तर दिशा होती. आमच्याकडील कर्जाच्या गुलामाला कोणतीच दिशा नव्हती. कायद्याने त्याला गुलाम म्हटलेलेच नव्हते; १८४३च्या पाचव्या कायद्याने इंग्रजांच्या न्यायालयांनी गुलामगिरी ओळखणेच बंद केले होते. जी गोष्ट कागदावर नाही तिच्यातून सुटून माणसाने जायचे तरी कोठे?

चलथाणच्या आसपास या रीतीला हाळी म्हणत. दुबळा जातीचा, म्हणजे आज ज्यांना हळपती म्हणतात त्यांतील, तरुण लग्नासाठी धनियाम्याकडून पैसे घेई आणि त्या दिवसापासून त्याचा नांगर धरी. त्याची बायको धन्याच्या घरचा शेणगोठा करी. पैसे फिटण्याऐवजी वाढत जात. १९३८ साली याच जिल्ह्यात हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, दुसऱ्या वर्षी बारडोलीत हाळींच्या मुक्तीची घोषणाही झाली. रीत मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे तग धरून राहिली. हमरस्त्याने नवसारी, बलसाड, वापी ओलांडून दोन-अडीच तास दक्षिणेकडे गेले की तलासरी लागते. तेथील वारली याच बेडीला लग्नगडी म्हणत. गडी म्हणजे नोकर. लग्नाने झालेला नोकर तो लग्नगडी. उंबरगाव तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, १९६० साली त्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. दास्याला मात्र अशी सरहद्द कधीच नव्हती.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. माहेरच्या त्या गोखले; वडील लक्ष्मणराव नामांकित वकील. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून त्यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली आणि महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदे-पदवीधर म्हणून त्यांचे नाव झाले. अशा घरातील मुलीने काळा डगला चढवून न्यायालयात उभे राहावे, हीच त्या काळी क्रांती मानली गेली असती. त्यांनी १९३२ साली सत्याग्रहात तुरुंग पत्करला. हे घरी मानवले नाही, आणि त्या पुणे सोडून मुंबईस आल्या. नामदार गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम, मग घरकामगारांची संघटना, असे त्यांचे पाऊल पडत गेले.

याच समाजात शामराव परुळेकर होते. कोकणातील वाचकांस हे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असेल. जानेवारी १९३८मध्ये खोतीविरुद्ध कोकणच्या कुळांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात डॉ. आंबेडकरांच्या बरोबरीने शामराव होते. १९३९ साली दोघांचा विवाह झाला आणि दोघेही साम्यवादी पक्षात गेले. त्या पक्षाच्या राजकारणाविषयी आमच्या वाचकांची मते भिन्न असतील, आमचीही सर्वस्वी अनुकूल नाहीत. परंतु पुढील हकीकत वाचताना ती मते थोडी बाजूस ठेवावी, इतकेच आमचे मागणे.

जानेवारी १९४५मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगावकडील माह्या धांगडा हा वारली काही सोबत्यांसह आला होता. त्याने सांगितलेली हकीकत ऐकून हे दांपत्य त्या जंगलपट्टीत उतरले. त्यांना तेथे जे दिसले ते काही गुप्त नव्हते. सरकारनेच नेमलेल्या सायमिंग्टन या अधिकाऱ्याने काही वर्षांपूर्वी ते लिहून ठेवले होते; अहवाल दप्तरात होता आणि वारली वेठीवर होता. जी जमीन एके काळी वारल्यांनीच जंगल तोडून लागवडीस आणली होती तिची मालकी सावकार-जमीनदारांकडे गेली होती, आणि त्याच जमिनीवर वारली कूळ झाला होता. कुळाने धन्याकडे वेठीला फुकट राबायचे. पावसाळ्यात खावटीचे धान्य उसने घ्यायचे आणि सुगीला दीडपट-दुपटीने परत करायचे. पन्नासापासून दोनशे रुपयांपर्यंतच्या लग्नकर्जापायी नवराबायकोने जन्मभर धन्याच्या दारात राबायचे. चूक झाली तर खांबाला बांधून मार. आणि नवविवाहितेच्या देहावरही धन्याचा हक्क असे. ही शेवटची गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. पण ती वगळली तर लग्नगडी या शब्दाचा अर्धा अर्थ नाहीसा होतो. हे धनी कोण्या एका धर्माचे वा जातीचे नव्हते. त्यांत पारशी होते, मारवाडी होते, मुसलमान होते, आणि आमच्या घरांत ज्यांची ऊठबस होती असे ब्राह्मणही होते.

गोदूताईंपुढे पहिली अडचण उभी राहिली ती भीतीची. पांढरपेशा माणूस दिसला की वारली रानात पळे. त्याच्या अनुभवात असा माणूस काही न्यायलाच येत असे. पुण्याच्या या विदुषीला त्यांची बोली शिकावी लागली, त्यांच्या झोपड्यांत राहावे लागले, त्यांच्या ताटातले खावे लागले, मैलोगणती रान तुडवावे लागले. वकिलीचे शिक्षण येथे फारसे उपयोगाचे नव्हते. धन्यासमोर मान वर करून उभे राहता येते, एवढी एकच गोष्ट शिकवायची होती, आणि ती कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हती.

दि. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे आदिवासींची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे आली. वेठ करायची नाही, धन्याच्या खाजगी शेतावर रोज बारा आणे मजुरी मिळाल्याखेरीज राबायचे नाही, मार खाऊन घ्यायचा नाही आणि एकजूट सोडायची नाही, असे ठरले. परिषद संपली आणि निरोप पाड्यापाड्यांवर गेला. पुढे जे घडले ते आम्हांस या साऱ्या चरित्रातील सर्वांत विलक्षण वाटते. वारल्यांचे जथे लाल बावटा घेऊन धन्यांच्या वाड्यांवर जाऊ लागले. अंगणात उभे राहून आतल्या लग्नगड्याला हाक मारायची, तू आजपासून मोकळा आहेस असे सांगायचे, आणि त्याला व त्याच्या कुटुंबाला घेऊन निघायचे. कोठे काळोखातून पळणे नाही, नदी ओलांडणे नाही. शेकडो लग्नगडी असे भरदिवसा मोकळे झाले आणि आपल्याच गावात, आपल्याच खोपटात राहिले. उत्तर दिशा नव्हती, म्हणून त्यांना आहे त्या जागीच मोकळे व्हावे लागले. सोडविणारे हात वारल्यांचेच होते. गोदूताईंनी हे श्रेय स्वतःकडे कधी घेतले नाही, यातच त्यांचे मोठेपण आम्ही मानतो.

किंमत लवकरच मोजावी लागली. गवतकापणीच्या मजुरीचा संप चालू असताना, ऑक्टोबर १९४५मध्ये, तलवाडा येथे गोदूताईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी वार्ता रानोमाळ पसरली. हजारो वारली लाठ्याकाठ्या घेऊन तिच्या रक्षणासाठी जमले. ती वार्ता खोटी होती. गोदूताई तेथे नव्हत्याच. पोलिसांनी गोळीबार केला, तरी जमाव हटेना. ज्या बाईसाठी आपण आलो ती येथे नाही, हे त्यांना कोण सांगणार? दि. १० ऑक्टोबरच्या त्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे पडले. पुढे गोदूताईंना ठाणे जिल्ह्यातून हद्दपारी भोगावी लागली. परकी सरकार जाऊन आपले मंत्रिमंडळ आले तरीही या कामी सरकारचा हात सैल झाला नाही, ही गोष्ट आम्हांस खेदाने नमूद करावी लागते. वारली मात्र नेते जिल्ह्याबाहेर असतानाही मागे फिरले नाहीत. १९४६च्या अखेरीस जंगलतोडीच्या संपात ठेकेदारांना रोजी सव्वा रुपया किमान मजुरी कबूल करावी लागली.

त्यानंतरच्या वर्षांत तुरुंग आणि तलासरी यांच्यामध्येच त्यांच्या येरझारा चालल्या. शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असतानाच वारले. गोदूताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७०मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२चे साहित्य अकादमी पारितोषिक त्यास मिळाले. मराठीत आत्मचरित्रे उदंड आहेत; ज्यात लेखक स्वतःविषयी इतके थोडे बोलतो असे अनुभवकथन विरळा. वाचकांपैकी ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी जरूर मिळवावे. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री.

वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला, झरीच्या परिषदेनंतर एकतीस वर्षांनी. कायद्यात कर्जाच्या मोबदल्यात माणूस बांधून ठेवण्याच्या कित्येक स्थानिक रीतींची नावे आहेत, त्यांत हाळीही आहे. उचल हा शब्द त्या यादीत आम्हांस आढळला नाही.

वारली त्यांना गोदाराणी म्हणत. त्या ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, निवर्तल्या. तलवाड्याच्या हुतात्म्यांचा दिवस तेव्हा दोन दिवसांवर आला होता.