डार्विन यांना छळणारी पोटफुगी

पोटातल्या गॅसची तक्रार सांगताना माणसे संकोचतात. मात्र उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन या तक्रारीची रोज लेखी नोंद ठेवत. आयुष्याची जवळपास चाळीस वर्षे त्यांना पोटाने छळले.

डार्विन यांचा जन्म १८०९ मध्ये इंग्लंडमधील श्रूजबरी येथे एका डॉक्टरच्या घरात झाला. १८३१ ते १८३६ या काळात त्यांनी ‘बीगल’ जहाजातून जगप्रवास केला. बोट लागण्याचा त्रास त्यांना सतत होई, पण किनाऱ्यावर उतरले की हाच तरुण डोंगर चढे, घोड्यावरून दूरदूर भटके. परतल्यानंतर मात्र तब्येत बिघडू लागली. जेवणानंतर दोन-तीन तासांनी पोट फुगे, ढेकर येत, मळमळे, पुष्कळदा उलट्या होत. पाहुण्यांशी थोडा वेळ बोलणेही सोसेना. १८४२ मध्ये ते लंडन सोडून डाऊन या खेड्यात राहायला गेले. १८४८ मध्ये वडील वारले, तेव्हा आजारपणामुळे त्यांना अंत्यविधीलाही हजर राहता आले नाही.

पुढच्या वर्षी ते माल्व्हर्न येथे डॉ. गली यांच्या जलोपचार केंद्रात दाखल झाले. तेथे थंड पाण्याच्या ओल्या चादरी, भरपूर चालणे आणि पथ्याचे जेवण असा क्रम होता. साखर, लोणी, मसाले बंद झाले. त्यांना बराच आराम पडला. घरी आल्यावर त्यांनी सुमारे साडेपाच वर्षे प्रकृतीची रोजनिशी लिहिली आणि गॅसचा त्रास दिवसा-रात्री केव्हा झाला हे त्यात टिपले. पण दुखणे पुन्हा उलटत राहिले. १८५१ मध्ये त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी माल्व्हर्नलाच दगावली. १८५९ मध्ये जगप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला, तेव्हाही ते जलोपचारच घेत होते. १८६० च्या ऑक्सफर्डमधील गाजलेल्या वादाला ते गैरहजर होते, तेही आजारपणामुळेच. १८८२ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पोटाच्या दुखण्याचे निदान अखेरपर्यंत झाले नाही.

नंतरच्या डॉक्टरांनी अनेक तर्क केले. कुणी दक्षिण अमेरिकेतील कीटकामुळे होणारा चागास रोग सुचवला, कुणी मानसिक ताण. २००५ मध्ये मांडलेला तर्क दूध न पचण्याचा आहे. डार्विन यांच्या घरी दूध-सायीची पुडिंगे नेहमी होत. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर अनेकांत बालपणानंतर कमी होते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. जेवणानंतर काही तासांनी त्रास सुरू होणे या तर्काशी जुळते, तरी तो सिद्ध झालेला नाही.

आपल्याकडेही दूध न पचणारे लोक पुष्कळ आहेत. शंका असेल तर दोन आठवडे दूध बंद करून फरक पाहावा. दही-ताक अनेकांना सोसते, कारण विरजणातील जिवाणू थोडे लॅक्टोज आधीच पचवतात. कडधान्यांतील काही शर्कराही आतड्यात न पचता आंबतात. म्हणून ती रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि उसळ मऊ शिजवावी. घाईने जेवताना आणि सोड्याची पेये पिताना हवा पोटात जाते, तेव्हा सावकाश चावून खावे. जेवणानंतर शतपावली करावी. हिंग, ओवा यांनी काहींना आराम वाटतो. डार्विन यांच्यासारखी खाण्याची आणि त्रासाची वही ठेवली, तर कोणता पदार्थ बाधतो ते लवकर कळते.

वजन घटणे, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. डार्विन यांच्या काळी तपासण्या नव्हत्या. आज श्वासातील हायड्रोजन मोजूनही दूध पचते की नाही ते समजते.