फार्नबरोचा हट्टी कोडी

कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आपल्याला ठाऊक आहेत. असाच एक हट्टी माणूस शंभरेक वर्षांपूर्वी इकडे इंग्लंडमध्ये होऊन गेला. नाव सॅम्युएल कोडी. हॅम्पशायरमधल्या फार्नबरोला गेलात, तर तिथे त्याचा पुतळा दिसेल.

कोडी मूळचा इथला नव्हेच. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्मला. खरं आडनाव काउडरी. शिक्षण बेताचंच. घोडेस्वारी आणि नेमबाजीचे खेळ करत तो इंग्लंडला आला, इथे नाटकंही केली. पण खरं वेड पतंगांचं! आपल्या येवल्याला संक्रांतीत उडतात तसे नव्हेत बरं का, तर माणसाला उचलून नेणारे. १९०१ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं आणि १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी पार केली. मग लष्कराने त्याला फार्नबरोला पतंग शिकवायला नेमलं.

तिथे त्याने विमान बांधलं. १६ ऑक्टोबर १९०८ रोजी ते १,३९० फूट उडालं, जेमतेम २७ सेकंद. ब्रिटनमधलं इंजिनाच्या विमानाचं पहिलं उड्डाण म्हणून त्याचीच नोंद आहे. पण शेवट काय झाला? समोर झाडं आली, कोडीने विमान वळवलं, पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि विमान आदळलं. वळताना एक पंख खाली झुकतोच. उंचीवर असाल तर सावरायला जागा असते, जमिनीलगत ती नसते.

कोडी वाचला. सरकारने मात्र १९०९ मध्ये विमानांवरचा खर्च थांबवला, त्याची नोकरी गेली. मोडकं विमान तेवढं त्याला मिळालं. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून परत गेला असता. हा तिथल्याच माळावर दुरुस्ती करत राहिला. मोडायचं, जोडायचं, पुन्हा उडायचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो तासाभराहून जास्त वेळ हवेत राहिला आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश नागरिक झाला. १९११ च्या ब्रिटन प्रदक्षिणेच्या शर्यतीत तो चौथा आला. ती पुरी करणारं ब्रिटिश बनावटीचं विमान त्याचं एकट्याचंच.

जुलै १९१२ मध्ये तर उतरताना विमान गाईवर आदळलं! गाय बिचारी गेली, विमानही मोडलं. लष्कराची मोठी चाचणी पुढच्याच महिन्यात होती. कोडीने वाचलेलं इंजिन दुसऱ्या सांगाड्यात बसवलं आणि भल्याभल्या कारखान्यांना मागे टाकून ५,००० पौंडांचं बक्षीस जिंकलं.

इतकी आदळआपट पचवलेल्या कोडीचा घात मात्र उतरताना झाला नाही. ७ ऑगस्ट १९१३ रोजी त्याचं नवं विमान हवेतच मोडलं. तो आणि सोबतचे क्रिकेटपटू विल्यम इव्हान्स, दोघेही गेले. कोडी ४६ वर्षांचा होता. लोक ज्याला तमासगीर म्हणून हसले, त्या परक्या माणसाला ऑल्डरशॉटच्या लष्करी दफनभूमीत सन्मानाने निरोप दिला गेला. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली.

आज इथे हौसेने विमान बांधणाऱ्याला दर टप्प्यावर तपासणी करून घ्यावी लागते, लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन त्यावर लक्ष ठेवते. कोडीचं काम तपासायला कोण होतं? उडायचं आणि पडल्यावर चूक शोधायची, एवढंच त्याच्या हाती होतं. आजचे नियम अशाच माणसांच्या पडण्यातून आलेत.

त्याच्या धर्तीचं विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. उन्हाळ्यात आई-बाबा आले की राजाच्या राजवाड्याबरोबर तेही दाखवा. परमुलखात पाय रोवणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.