मेमार सिनान

मुलांनो, इमारत बांधणाऱ्या कारागिराला आपण उर्दूत 'मेमार' म्हणतो. तुर्की भाषेतही हा शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने आहे. तुर्कस्तानात 'मेमार' म्हटले की पहिले नाव आठवते ते सिनान यांचे.

सिनान यांचा जन्म सुमारे १४९० साली कायसेरी शहराजवळच्या एका खेड्यात, ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळी उस्मानी सुलतानाचे अधिकारी अशा खेड्यांतील मुले फौजेसाठी नेत असत. सिनान यांनाही घर सोडावे लागले. पुढे ते मुसलमान झाले, सुतारकाम शिकले आणि सैनिक बनले. मोहिमेवर जातील तेथील इमारती ते बारकाईने पाहत.

१५३८ मध्ये फौज प्रुत नदीपाशी अडली. काठावर दलदल होती. बांधलेला पूल खचत होता. सिनान यांनी दोन आठवड्यांच्या आत पक्का पूल उभा केला! लवकरच ते सुलतान सुलेमानचे मुख्य मेमार झाले आणि सुमारे पन्नास वर्षे त्या पदावर राहिले. त्यांनी मशिदी, मदरसे, पूल, हमामखाने आणि पाण्याचे कालवे बांधले.

इस्तंबूलमध्ये आयासोफियाची हजार वर्षांची जुनी इमारत होती. तिच्याएवढा घुमट मुसलमानांना बांधता येणार नाही, असे काही लोक म्हणत. हे बोल सिनान यांच्या मनाला लागले होते. पण त्यांनी घाई केली नाही. आधी त्यांनी इस्तंबूलमध्ये शहजादा मशीद बांधली. मग १५५७ मध्ये सुलेमानिया मशीद पूर्ण केली. प्रत्येक कामातून ते नवे काही शिकत गेले. अखेर १५७५ मध्ये एदिर्ने शहरात सेलिमिया मशीद पुरी झाली. तिचा सुमारे ३१ मीटर रुंदीचा घुमट आठ खांबांवर उभा आहे. तो आयासोफियाच्या घुमटाच्या तोडीचा आहे. तेव्हा सिनान यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

शहजादा मशीद त्यांनी पन्नाशी उलटल्यावर बांधली, तरी ते तिला आपले शागिर्दीतले काम मानत. सेलिमिया हेच त्यांच्या मते उस्तादाचे काम होते.

१५८८ मध्ये सिनान यांचे निधन झाले. भव्य सुलेमानियाजवळ त्यांची लहानशी, साधी कबर आहे. मुलांनो, एखादा धडा लवकर जमला नाही तर तुम्ही निराश होता ना? अशा वेळी ऐंशी वर्षे शिकत राहिलेल्या या उस्तादाची आठवण करा.