खाणकामगारांचा दिवा : सर हम्फ्री डेव्ही



इंग्लंडमध्ये कोळसा खाणींच्या जुन्या गावांत छोटी छोटी खाण-संग्रहालये आहेत. तेथे कुदळी-फावड्यांच्या शेजारी तारेची जाळी लावलेला एक दिवा हमखास दिसतो. या दिव्याचे जनक सर हम्फ्री डेव्ही यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी कॉर्नवॉलमधील पेन्झान्स येथे झाला. वडील लाकडावर नक्षीकाम करीत. १७९४ मध्ये वडील वारले. पाच भावंडांत थोरले असलेले हम्फ्री पुढच्याच वर्षी एका शल्यचिकित्सकाकडे उमेदवारी करू लागले. कॉलेजचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. रसायनशास्त्र ते स्वतः वाचून, प्रयोग करून शिकले. १८०७ मध्ये त्यांनी विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली.

त्या काळी खाणीत उघड्या ज्योतीवर काम चाले. कोळशातून निघणारा मिथेन वायू पेटून भयंकर स्फोट होत. मे १८१२ मध्ये फेलिंग येथील खाणीत असे ९२ जण दगावले. त्यांत लहान मुलेही होती. १८१५ मध्ये डेव्ही यांच्याकडे मदत मागण्यात आली. तार उष्णता ओढून घेते, त्यामुळे ज्योत बारीक जाळीतून बाहेरचा वायू पेटवू शकत नाही, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. जानेवारी १८१६ मध्ये त्यांचा दिवा खाणीत उतरला. या दिव्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे असा दिवा केला होता. त्यांचे श्रेय मात्र डेव्ही यांनी मान्य केले नाही. थोरांचाही हा उणेपणा आम्ही लपवू इच्छित नाही.

दिवा आला, तरी मृत्यू थांबले नाहीत. वायूमुळे बंद पडलेल्या भागांतही आता मालक कामगारांना पाठवू लागले. जाळी गंजली, फाटली की तोच दिवा घातक ठरे. शोध लावणे हे अर्धेच काम. तो नीट वापरणे हे उरलेले अर्धे.

२९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या ५० व्या वर्षी डेव्ही यांचे निधन झाले.

प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली बर्नरच्या ज्योतीवर तारेची जाळी धरून पाहा. ज्योत जाळीखालीच राहील. त्या वेळी फेलिंगच्या मुलांची आठवण ठेवा.