सागरप्रवाहांचे मोजणीदार : जेम्स रेनेल

वादळाचे भय सर्वांसच वाटते; परंतु शांत दिसणारे पाणीही जहाजास नकळत वाटेबाहेर नेते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. १७०७ साली इंग्लंडच्या नैऋत्येस सिली बेटांच्या खडकांवर आरमाराची चार जहाजे फुटून हजारावर माणसे बुडाली. आपण नेमके कोठे आहोत, हेच त्यांस कळले नव्हते. समुद्राच्या अशा छुप्या ओढीचा ज्यांनी शोध घेतला, त्या जेम्स रेनेल यांचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

रेनेल यांचा जन्म १७४२ साली डेव्हन परगण्यात झाला. वडील युद्धात पडल्याने ते बालपणीच पोरके झाले. चौदाव्या वर्षी ते आरमारात शिरले. पुढे १७६४ पासून त्यांनी बंगालच्या नद्यांची व भूमीची मोजणी केली. १७६६ साली भूतानच्या सीमेवर तलवारीचे घाव लागून त्यांची प्रकृती कायमची खालावली. तरी काम सुटले नाही. १७७७ साली ते स्वदेशी निघाले आणि समुद्राच्या अभ्यासाकडे वळले.

नदीचा वेग काठावरून मोजता येतो. भरसमुद्रात काठ कोठला? तेथे उपाय असा : जहाजाचा वेग व दिशा यांवरून एक ठिकाण काढावयाचे, सूर्य, तारे व अचूक घड्याळ यांवरून दुसरे. दोहोंत दिवसाकाठी २४ मैलांचा फरक पडला, तर प्रवाहाचा वेग ताशी एक मैल. परंतु एका नोंदीत माणसाची चूकही असू शकते. म्हणून रेनेल यांनी असंख्य जहाजांच्या रोजनिशा पडताळून प्रवाहांचे नकाशे रेखिले. पश्चिमेचा वारा फार दिवस वाहिला, की सिलीजवळचे पाणी जहाजांस उत्तरेकडे लोटते, असे १७९३ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले.

१८३० साली ते निवर्तले. अटलांटिकच्या प्रवाहांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या कन्येने १८३२ साली प्रसिद्ध केला. आज पाण्यावर सोडलेल्या तरत्या यंत्रांचा माग उपग्रह घेतात. तथापि प्रवाह ओळखण्याची वाट प्रथम खलाश्यांच्या वह्यांनीच दाखविली. हिशेब चुकला हे त्यांनी लपविले असते, तर तो ग्रंथ झालाच नसता. विद्यार्थिमित्रांनी आपली वही लिहिताना एवढे स्मरावे, ही आमची विनंती.