नळदुर्गचे टेलरसाहेब आणि आमच्या घरचा एक कागद

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्यावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा लोणच्या-पापडांवाचून आपल्याला दुसरे काय लिहिता येणार, असेच प्रथम मनात आले. परंतु गेली दोन वर्षे मी ज्या उद्योगात गुंतले आहे, त्याबद्दल हळदीकुंकवाला आणि भजनाच्या दिवशी अनेक भगिनींनी मला तुकड्या-तुकड्यांनी विचारले आहे. तेव्हा ती हकीकत येथे एकदा सलगच सांगून टाकते.

माझे माहेर नळदुर्गापासून दोन कोसांवर. आपल्यापैकी बहुतेकींनी नळदुर्गचा किल्ला पाहिलाच असेल. पावसाळ्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून नर-मादीचे धबधबे पडू लागले, की सोलापूरची निम्मी माणसे तिकडे लोटतात. त्या किल्ल्यात इंग्रजी अमदानीत टेलर नावाचा साहेब होता, हे आम्ही पाळण्यातच ऐकलेले. आमच्या घरची गोष्ट अशी, की सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमीत पणजोबांच्या वडिलांनी साहेबांचा खजिना कडब्याच्या गंजीत दडवून ठेवला, आणि बंड मोडल्यावर साहेबांनी खूश होऊन त्यांना विहिरीकडचे रान इनाम दिले. त्या रानाला आमच्याकडे अजून साहेबाची पट्टी म्हणतात. आजी ही गोष्ट सांगू लागली, की कडब्याची गंजी प्रत्येक वेळी थोडी उंच होत असे.

माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापावयास काढला. साहेबांवर आणि इनामावर एक पान मी लिहावे, असे त्याने ठरवून टाकले, कारण घरात शिकवण्याची नोकरी केलेली मीच. मीही हौसेने हो म्हटले. नातवाने टेलरसाहेबांचे आत्मचरित्र मिळवून दिले. इंग्रजी जुन्या वळणाचे, अक्षर बारीक, आणि माझा चष्मा जुना! तरी दुपारची झोप सोडून मी ते शेवटपर्यंत वाचले.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडात लिव्हरपूल येथे झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. १८२४ साली, वयाची सोळा वर्षे पुरी होण्याआधीच, मुंबईतील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करण्यासाठी त्यांना जहाजावर चढवून देण्यात आले. मुंबईस येऊन पाहतात तो पेढीच डबघाईस आलेली! आईच्या नात्यातले एक बडे अधिकारी मुंबई सरकारात होते. त्यांनी खटपट करून या मुलाला निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली, आणि तो औरंगाबादेस आपल्या पलटणीत दाखल झाला. निजामाची ही चाकरी पुढे त्यांना जन्मभर पुरली आणि जन्मभर नडलीही. ते कंपनी सरकारचे करारबद्ध नोकर कधीच नव्हते, त्यामुळे साहेब लोकांच्या पंगतीत त्यांचे पान नेहमी थोडे बाजूलाच मांडले जाई.

एक गोष्ट मात्र त्या मुलाने केली. इतर गोरे शिकार करीत आणि पत्ते कुटीत, तेव्हा हा मुन्शी ठेवून भाषा शिकत बसे. म्हणून अठराएकोणीसाव्या वर्षीच निजामाच्या नैऋत्य मुलखात पोलिसांचा कारभार त्यांच्याकडे आला. आपले तुळजापूर या मुलखातच. देवीच्या यात्रेची गर्दी, कडेवर पोर घेऊन घाट चढणाऱ्या बाया, मुरळ्या, गोंधळी हे सारे त्या पोरसवदा साहेबाने तेव्हा डोळे भरून पाहिले. त्याच सुमारास वाटसरूंच्या खुनांचा माग काढीत ते ठगांच्या अगदी जवळ येऊन पोहोचले होते. इतक्यात पलटणीत परतण्याचा हुकूम आला, आणि ठगांचा छडा लावण्याचे श्रेय पुढे स्लीमनसाहेबांना मिळाले. ही चुटपुट टेलरसाहेबांना अखेरपर्यंत होती. तिचे फळ मात्र निराळेच निघाले. रजेवर मायदेशी गेले असता १८३९ साली त्यांनी एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपाने कादंबरी प्रसिद्ध केली आणि ती एकदम गाजली. छापखान्यातून कच्चे फर्मे निघत असतानाच खुद्द व्हिक्टोरिया राणीने ते मागवून वाचले.

आता ज्या भागाने मला जागे ठेवले, तो सांगते. १८३२ साली साहेबांनी हैदराबादेस लग्न केले. वधू मेरी पामर, तेथील सावकार विल्यम पामर यांची कन्या. हे पामर नुसते नावाचेच इंग्रज. त्यांचे वडील कंपनीचे सेनापती असले, तरी आई फैजबक्ष बेगम ही उत्तरेकडील खानदानी मुसलमान स्त्री. म्हणजे नळदुर्गच्या टेलरसाहेबांची आजेसासू बेगम होती! आमच्या आजीला हे कळते, तर तिने गंजीची गोष्ट सोडून हीच सांगितली असती. मेरीबाईंचे आयुष्य थोडके निघाले. त्या गेल्यावर साहेबांनी पुन्हा लग्न केले नाही, आणि मुली दूर विलायतेत वाढल्या. एवढ्या जाड आत्मचरित्रात बायकोच्या वाट्याला किती ओळी आल्या आहेत, ते मी बोटांनी मोजू लागले आणि मग सोडून दिले.

१८४१ पासून १८५३ पर्यंत ते सुरपूरला होते. आताच्या कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यातले हे बेरड राजांचे संस्थान. राजा वेंकटप्पा नायक सात-आठ वर्षांचे पोर, कारभार राणी ईश्वरम्मांच्या हाती, दरबारात भाऊबंदकी. राणी मोठी करारी बाई होती आणि साहेबांचे तिच्याशी वारंवार खटके उडत. आत्मचरित्रात तिच्याविषयी जे आले आहे ते एका बाजूचेच आहे, हे वाचताना विसरू नये. छोटा राजा मात्र साहेबांना अप्पा म्हणे. त्याचे शिक्षण, संस्थानचे कर्ज, तळी, रस्ते, सारे साहेबांनी पाहिले. टेकडीवर स्वतःसाठी बांधलेला त्यांचा बंगला टेलर मंझिल या नावाने आजही उभा आहे. याच काळात ते लंडनच्या टाइम्स पत्राला बातमीपत्रेही पाठवीत.

राजाच्या पत्रिकेत चोविसावे वर्ष उलटणार नाही असे भविष्य निघाले होते. ते साहेबांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मनातच ठेवले. पुढे १८५८ च्या आरंभी तरुण राजा इंग्रजांविरुद्ध उठला. पराभव होताच हैदराबादेकडे निघून गेला, तेथे पकडला गेला. तुरुंगात त्याला भेटावयास गेले ते हे अप्पाच. आधी फाशी ठरली, मग काळे पाणी, आणि शेवटी चार वर्षांची कैद एवढ्यावर शिक्षा आली. सुटकेची आशा दिसू लागली होती. तोच कैदेच्या जागी नेत असता वाटेतल्या मुक्कामात पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा गेला. त्याने ती जाणून झाडून घेतली, की पिस्तूल हाताळताना सुटली, ते कोणास सांगता आले नाही. ज्या संस्थानाला बारा वर्षे घालून सावरले, तेच गुंडाळण्यासाठी सरकारने पुन्हा टेलरसाहेबांनाच सुरपूरला धाडले. हा भाग मी वाचला त्या दिवशी माझ्या हातून भाजी करपली.

परंतु आपल्याला नळदुर्गकडे आले पाहिजे. १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपल्या शेजारचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांनी कारभारासाठी घेतला. त्यांपैकी नळदुर्ग जिल्हा टेलरसाहेबांकडे आला. चोरट्यांचा बंदोबस्त, रस्ते, जमिनीची मोजणी आणि साराबंदी ही कामे त्यांनी मनापासून केली. मोजणीची विद्या ते स्वतःच्या हिमतीवर शिकले होते. रयतेच्या तोंडी मेडोज हे नाव बसेना, म्हणून तिने त्याचे महादेव केले, आणि साहेबांचे महादेवबाबा झाले. कोणी म्हणेल, ही अधिकाऱ्याने स्वतःच लिहिलेली स्वतःची कीर्ती. असेलही थोडीशी. परंतु आमच्या गावात आजवर दुसऱ्या कोणा साहेबाचे नाव टिकलेले नाही, हेही खरे.

येथपर्यंत माझे पान झकास चालले होते. पुढच्या प्रकरणात मात्र घात झाला. १८५७ च्या ऑगस्टात, बंडाचा वणवा उत्तरेत ऐन भरात असताना, साहेबांना तडकाफडकी वऱ्हाडात बुलढाण्याकडे जाण्याचा हुकूम आला. देण्यास फौज नाही, जमेल तसे निभवा, असेच त्यांना सांगितले गेले आणि त्यांनी ते निभावले. म्हणजे बंड मोडले तेव्हा साहेब नळदुर्गात नव्हतेच! तेथून ते सुरपूरला गेले, १८६० साली हिंदुस्थान सोडून गेले, आणि त्याच साली नळदुर्गचा मुलूख निजामाला परत मिळाला. आमच्या घरच्या गोष्टीत इनाम मिळाले ते बंडानंतर पाचव्या वर्षी. त्या वर्षी ते देणारा साहेब येथे नव्हता आणि त्याचे राज्यही नव्हते.

मी हे भावाला कळविले. त्याला ते मुळीच रुचले नाही. इंग्रजी पुस्तक खरे आणि आजी खोटी काय, असे त्याने विचारले, आणि त्याचे मला उत्तर सुचेना. शेवटी मी त्याला एवढेच म्हटले, की देवघराच्या माळ्यावर वडिलांची पत्र्याची पेटी आहे, तीत इनामाचा काही कागद असेल तर पाठव. महिनाभराने रुमालात गुंडाळलेले सात कागद आले. सहा अलीकडचे निघाले. सातवा मोडीतला, कडा वाळवीने खाल्लेला.

आपल्या शहरात मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या घरी मी तीन दुपारी बसले. कागद इनामाचा नव्हताच. तो फसली सन १२६५ चा, म्हणजे इसवी सन १८५५-५६ चा, जमिनीच्या मोजणीचा निघाला. नळदुर्गात टेलरसाहेब होते त्याच काळातला. चतुःसीमा आमच्या विहिरीकडच्या रानाच्या, पूर्वेस ओढा, दक्षिणेस देवीचा माळ. आणि खातेदार म्हणून एका बाईचे नाव. नावापुढे कोम, म्हणजे अमक्याची बायको, आणि त्या अमक्याच्या नावामागे मयत. आमच्या वंशावळीत हा अमका आहे. पणजोबांच्या वडिलांचा तो थोरला भाऊ, निपुत्रिक गेला असे त्याच्यापुढे लिहिले आहे. त्याची बायको होती हे कोठेच नाही. वंशावळीत बायका नाहीतच म्हणा, माझी आजीसुद्धा नाही.

म्हणजे साहेबाने रान दिले नव्हते, नुसते मोजले होते. रान त्या विधवा चुलतीचे होते. तिच्यामागे ते धाकट्या दिराकडे कसे आले, ते कागद सांगत नाही. तिला नीट जेवूखाऊ घालून सांभाळली आणि ते सहज वारसाने आले, असेही असेल. मग तिचे नाव पुसून तेथे साहेब, खजिना आणि कडब्याची गंजी इतके सारे आणून बसविण्याची गरज कोणाला आणि का पडली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आजीला ठाऊक होते काय, हेही मी पुष्कळदा मनाशी घोळवले आहे.

टेलरसाहेबांचे राहिलेले सांगते. मायदेशी परतल्यावर त्यांनी लिहिण्याचा सपाटाच लावला. १८६३ साली तारा ही कादंबरी आली. तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्यांची बालविधवा मुलगी, आणि काळ शिवाजीमहाराज व अफजलखान यांचा. इतिहास आणि रूढी यांच्या दृष्टीने त्यात चुका काढणाऱ्याला वाव आहे. पण तुळजापुरात पोरसवदा वयात पाहिलेली माणसे तो गृहस्थ पस्तीस वर्षांनी विलायतेत बसून आठवीत होता, याचे मला नवल वाटते. १८७० साली त्यांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. चांदबिबीवरची कादंबरी त्यांच्या पश्चात निघाली. १८७५ साली दृष्टी अधू झालेली असताना ते पुन्हा एकदा हैदराबादेस आले, तेथे तापाने पछाडले आणि परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर मांतों गावी वारले. आत्मचरित्र १८७७ साली छापून निघाले, ते त्यांची कन्या ॲलिस हिने संपादिले म्हणून. वडिलांचे कागद जपून ठेवणारी मुलगी त्यांना होती.

कुलवृत्तान्त अजून छापावयाचा आहे. त्या चुलतीचे नाव येथे देऊ नये असे भावाचे म्हणणे पडले आणि मी ते मानले, कारण पुस्तक त्याच्या नावावर निघणार आहे. पण वंशावळीचे पान मी नव्याने मांडून त्याच्याकडे पाठविले आहे. थोरल्या भावाच्या नावाशेजारी तिचे नाव घातले, आणि मग हात थांबेना म्हणून ठाऊक होत्या तेवढ्या सर्व सुनांची नावे घातली. एकूण एकोणीस झाली. अकरा जागा मोकळ्या आहेत. गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला, की आपल्या पणजीचे माहेरचे नाव त्याला एका जुन्या लग्नपत्रिकेत सापडले आहे, ते कोठे लिहावयाचे. पट्टीविषयी तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही.